डिझेलच्या टाकीत युरिया जाऊ नये म्हणून

तुमचा प्रश्न असा: नवी गाडी घेऊन चार महिने झाले. रात्री मुक्कामाला थांबल्यावर क्लीनरने युरियाचा (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरतात त्या द्रवाचा) कॅन डिझेलच्या टाकीत ओतायला घेतला. निम्मा कॅन आत गेल्यावर ड्रायव्हरच्या लक्षात आलं. गाडी चालू केली नव्हती. टाकी उपसून, धुऊन गाडी परत कामाला लागली. आता हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, आणि झालंच तर सगळ्यात आधी काय करायचं?

आधी त्या ड्रायव्हरला शाबासकी द्या. त्याने चावी फिरवली नाही आणि झालेली गोष्ट लपवली नाही. या दोन गोष्टींमुळे तुमचं काम टाकी धुण्यावर भागलं. मी २२ वर्षं जड वाहनांच्या इंधन यंत्रणेचं काम करतोय. नुकसान किती होणार हे टाकीत किती लिटर चुकीचं गेलं यावर फार कमी ठरतं, चावी फिरली की नाही यावर जास्त ठरतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट, माझ्याकडे आलेल्या अशा गाड्यांमध्ये पंपाच्या नोझलने झालेली चूक क्वचित होती. बहुतेक चुका कॅन आणि नरसाळ्याने झालेल्या. याचं कारण समजून घ्या, म्हणजे कुठे लक्ष द्यायचं ते आपोआप कळेल.

गाडी बनवणाऱ्यांनी चूक टाळण्याची सोय केलेली आहे, पण ती एकाच बाजूने चालते. डीईएफच्या (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइडच्या), म्हणजे ज्याला आपण सगळे युरिया म्हणतो त्याच्या, नोझलची नळी १९ मिलिमीटर जाडीची असते. डिझेलची नळी साधारण २५ मिलिमीटर, आणि मोठ्या गाड्यांसाठीच्या जलद पंपांवर त्याहूनही जाड. डीईएफच्या टाकीचं तोंड अरुंद असतं, त्यात डिझेलचं नोझल शिरतच नाही. उलट बाजूने मात्र काही अडत नाही. १९ मिलिमीटरची नळी डिझेलच्या रुंद तोंडात सहज जाते. म्हणून बऱ्याच गाड्यांच्या डीईएफ टाकीच्या तोंडात चुंबकाचं कडं बसवलेलं असतं आणि चांगल्या डीईएफ पंपाचं नोझल ते चुंबक जाणवल्याशिवाय उघडत नाही. डिझेलच्या टाकीत असं नोझल घातलं तर थेंबही पडत नाही. ही सोय खरोखर चांगली आहे, पण कॅनला ना नळीचं माप आहे ना चुंबक. कॅन उचलला की ती सगळी राखण बाजूला पडते आणि उरतो तो ओतणारा माणूस, बहुतेक वेळा दमलेला, अंधारात, एका हातात मोबाइलची बॅटरी धरून.

त्यात डीईएफ भरायची वेळ डिझेलइतकी वारंवार येत नाही. नव्या गाड्यांना डिझेलच्या साधारण ४ ते ६ टक्के डीईएफ लागतं. ३०० लिटर डिझेल जळलं तर १२ ते १८ लिटर. म्हणजे डिझेल भरण्याची सवय हाताला रोजची, डीईएफची मात्र अधूनमधूनची. हात रोजच्या वाटेने जातो. तुमच्या क्लीनरने झाकण उघडलं ते रोज उघडतो तेच. तो निष्काळजी होता असं मी लगेच म्हणणार नाही.

आता युरिया टाकीत गेल्यावर आत काय होतं ते बघा. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजं काढलेलं पाणी. एका लिटरचं वजन जवळपास १.०९ किलो भरतं. डिझेलचं लिटर ०.८२ ते ०.८५ किलोच्या आसपास. दोन्ही एकमेकांत विरघळत नाहीत. त्यामुळे ओतलेला सगळा युरिया टाकीच्या तळाशी जाऊन बसतो, आणि इंजिनाला डिझेल ओढणारी नळी तळाजवळच असते. टाकीत तीनशे लिटर डिझेल आहे, पाच लिटरने काय होतंय, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण ते पाच लिटर तीनशे लिटरमध्ये पातळ झालेले नसतात. इंजिन सुरू झाल्यावर पंपाकडे निघायला तेच तळाशी तयार असतात.

कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल मिळतं त्या इंजिनात, डिझेल १,६०० ते २,००० बारच्या दाबाने, कधी त्याहूनही जास्त दाबाने जातं. त्या पंपाच्या आणि इंजेक्टरच्या भागांमधली फट काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि त्यांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. तिथे खारट पाण्यासारखा द्रव पोहोचला की वंगण तुटतं आणि धातू धातूवर घासतो. शिवाय डीईएफ साध्या पोलादाला, तांब्याला, पितळेला, अॅल्युमिनियमला खातं. गरम भागात त्यातलं पाणी उडून जातं आणि युरियाचे पांढरे खडे मागे राहतात. आणि रेलमधून उरलेलं डिझेल परत टाकीत येतं, म्हणजे घाण एका फेरीत संपत नाही, फिरत राहते.

एक गाडी अजून डोळ्यांसमोर आहे. पहाटे टोचन लावून आणलेली. ड्रायव्हर विशीतला पोरगा. म्हणाला, गाडी मिसिंग करतेय, चढाला ओढत नाही, काल पिवळा दिवा लागला होता. कसला दिवा विचारलं तर म्हणाला, पाण्याचा, फिल्टरवरचा. मी पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरची तळाची चकती सैल केली आणि काचेच्या बाटलीत नमुना घेतला. बाटली टॉर्चपुढे धरली तर मधोमध स्वच्छ रेघ दिसत होती. वर पिवळसर डिझेल आणि खाली दोन बोटं जाडीचा पाण्यासारखा थर. खालच्या थराचे दोन थेंब काळ्या लोखंडी पट्टीवर टाकून पट्टी बॉनेटजवळच्या गरम भागावर ठेवली. चहा होईपर्यंत थेंबांच्या जागी पांढरे, साखरेसारखे खडे. पाणी असतं तर काहीच उरलं नसतं. पोराकडे बघितलं तेव्हा तो रडायच्या बेताला आला होता. त्याला आदल्या रात्रीच कळलं होतं. कॅन ओतून झाल्यावर त्याला वास वेगळा लागला, पण मालक पगारातून कापेल म्हणून तो गप्प बसला आणि गाडी काढली. साठ-सत्तर किलोमीटर चालली असेल. उच्च दाबाचा पंप, रेल, सगळे इंजेक्टर, टाकीतलं युनिट, सगळं बदलावं लागलं. त्याने त्याच रात्री एक फोन केला असता तर दोन फिल्टर आणि अर्ध्या दिवसाचं काम होतं.

म्हणून गाडीमालकांना मी आधी एक गोष्ट सांगतो आणि मग झाकणांबद्दल बोलतो. चूक सांगणाऱ्याचे पैसे कापू नका, आणि हे त्याला चूक व्हायच्या आधीच सांगून ठेवा. कॅन चुकीच्या टाकीत ओतला जाणं हे माणसाच्या हातून होऊ शकतं. भीतीपोटी चावी फिरवली जाऊ न देणं मात्र तुमच्या हातात आहे.

आता उलटी चूक: डीईएफच्या टाकीत डिझेल किंवा तेल. नोझलने ती होणं अवघड, पण नरसाळ्याने सर्रास होते. गाडीत एकच नरसाळं असतं. कधी त्यातून इंजिन ऑइल ओतलं, कधी डिझेल, मग फडक्याने पुसून त्यातूनच युरिया. नरसाळ्याला लागलेलं तेलही पुरेसं असतं. डीईएफ यंत्रणेतलं रबर आणि पडदे तेल सोसायला बनवलेले नसतात, तेल लागलं की ते फुगतात. पंप अडकतो, सायलेन्सरमध्ये फवारा मारणारं इंजेक्टर बंद पडतं, आणि तेल पुढे गेलं तर एससीआरचा, म्हणजे युरियाच्या मदतीने धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेचा, कॅटॅलिस्ट खराब होतो, जो संपूर्ण गाडीतल्या सगळ्यात महाग भागांपैकी एक आहे. टाकीत तेल गेलंय की नाही हे बघायला झाकण उघडून टॉर्च मारा. डिझेल हलकं असल्यामुळे वर तरंगतं आणि पावसाळ्यात रस्त्यावर दिसतो तसा इंद्रधनुषी तवंग दिसतो. तवंग दिसला तर थोडंसंच आहे म्हणून गाडी पुढे नेऊ नका.

डीईएफची टाकी धुवायची वेळ आली तर नळाचं पाणी वापरू नका. त्यातला कॅल्शियमसारखा खनिजांचा अंश कॅटॅलिस्टवर बसतो. शेवटचा हात तरी खनिजं काढलेल्या पाण्याने किंवा सरळ डीईएफने फिरवायचा. शेतातला युरिया पाण्यात विरघळवून भरणारेही मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. आयएसओ २२२४१ या मानकात डीईएफमध्ये धातू, फॉस्फेट, बाययुरेट किती असावं याच्या मर्यादा फार कडक आहेत, आणि खताचा युरिया त्यात बसत नाही.

पेट्रोलबद्दल थोडक्यात, कारण मोठ्या गाडीत ते कमी होतं. पेट्रोलची नळी डिझेलच्या नळीपेक्षा बारीक, त्यामुळे तीही डिझेलच्या टाकीत आरामात जाते. पेट्रोलने वंगण जातं, पंप घासतो. पण मला जास्त काळजी आगीची वाटते. डिझेल साधारण ५५ अंशांच्या आसपास तापल्यावर त्याची वाफ पेट घेण्याजोगी होते, पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या सुमारासही होते. पेट्रोल मिसळलेली टाकी उपसताना ती पेट्रोलची टाकी आहे असंच समजून काम करायचं. उघड्यावर, बॅटरी तोडून, ग्राइंडर आणि वेल्डिंग लांब ठेवून. ज्याला हे काम येत नाही त्याने हात लावू नये.

रंगावर मात्र अजिबात विसंबू नका. युरोपात डिझेलचं नोझल बहुधा काळं आणि पेट्रोलचं हिरवं असतं, अमेरिकेत डिझेलचं बहुधा हिरवं असतं. दुसऱ्या देशात गाडी चालवणाऱ्याचा यात घोळ होऊ शकतो. युरोपात २०१८ पासून नोझलवर आणि झाकणाजवळ आकारांची चिन्हं लावतात, पेट्रोलला वर्तुळ आणि डिझेलला चौकोन, योग्य इंधन ओळखता यावं म्हणून. निळ्याचा घोळ तर त्याहून मोठा आहे. डीईएफचं झाकण निळं, कॅनवरचा कागद निळा, पण आतलं डीईएफ पाण्यासारखं रंगहीन असतं. आणि काच पुसायचं पाणी पुष्कळदा निळं असतं. काही कूलंटही निळे. निळं पाणी बघून हाच युरिया असं समजून काचेचं पाणी डीईएफच्या टाकीत ओतलेल्या गाड्या माझ्याकडे आल्या आहेत. कॅनवर काय लिहिलंय ते वाचायचं, आणि कॅनवर काही लिहिलेलं नसेल तर तो कॅन गाडीत असूच नये. पाण्याच्या जुन्या बाटलीत किंवा तेलाच्या डब्यात कुठलाही द्रव भरून ठेवण्याची पद्धत आजच बंद करा.

तुमच्या गाडीसाठी मी काय करेन ते सांगतो. डिझेलच्या टाकीला कुलुपाचं झाकण बसवा आणि त्याची चावी फक्त ड्रायव्हरकडे ठेवा. हे मी चोरीसाठी म्हणत नाही. कॅन घेऊन आलेल्या माणसाला कुलूप आडवं आलं की तो थांबतो, आणि त्या दोन सेकंदांत आपण कुठे ओततोय हे त्याच्या लक्षात येतं. झालेल्या चुकीच्या बाबतीत ही एकच गोष्ट पुरली असती. डीईएफचा कॅन आणि त्याचं नरसाळं केबिनच्या एका बाजूच्या खणात, तेल आणि डिझेलचं सामान दुसऱ्या बाजूच्या खणात. डीईएफचं नरसाळं प्लास्टिकचं, पारदर्शक पिशवीत बांधलेलं, आणि त्यातून आयुष्यभर दुसरं काही जाणार नाही. पत्र्याचं किंवा पितळेचं नरसाळं नको. शक्य असेल तर कॅनबरोबर मिळणारी स्क्रूची नळी वापरा. ती डीईएफच्या टाकीच्या तोंडाला घट्ट बसते आणि डिझेलच्या रुंद तोंडावर लोंबकळते, तेही हाताला कळतं.

एका वेळी एकच झाकण उघडं ठेवायचं. डिझेल भरून झालं, झाकण लागलं, कुलूप लागलं, मगच निळ्या झाकणाला हात. दोन माणसं असतील तर एकाने डिझेल आणि दुसऱ्याने त्याच वेळी युरिया असं वाटून घेऊ नका. वेळ वाचवायचा हा मार्गच घात करतो. भरणाऱ्याने ओतायच्या आधी मोठ्याने म्हणायचं, युरिया, निळं झाकण. ऐकायला शाळकरी वाटेल, पण बोलताना डोळा झाकणाकडे जातोच. आणि डीईएफचा दिवा लागेपर्यंत वाट बघू नका. दिवा लागतो तो बहुधा रात्री, घाईत, अनोळखी ठिकाणी. दिवसाउजेडी, ठरलेल्या थांब्यावर, दर दोन-तीन डिझेलमागे एकदा असं भरलं तर गडबडीत कॅन उघडायची वेळच येत नाही. किती लिटर डिझेल, किती लिटर डीईएफ हे वहीत लिहा. प्रमाण अचानक बदललं तर काहीतरी चुकलंय हे वहीतून कळतं.

भरून झाल्यावर शंका आली, तर एक चूक सगळे करतात: काटा बघायला चावी लावतात. डीईएफचा काटा वर गेला का, डिझेलचा वर गेला का ते बघू म्हणून. बऱ्याच गाड्यांत चावी फिरवल्याबरोबर इलेक्ट्रिक पंप चालू होतो आणि तळातला माल नळीत ओढतो. शंका असेल तेव्हा टाकीत टॉर्च मारा, तोंडाच्या कडेला बोट लावून बघा. डिझेल बोटांना तेलकट, घसरडं लागतं. डीईएफ आधी पाण्यासारखं आणि सुकत आलं की चिकट लागतं. चावीला हात नाही.

आणि चूक झालीच आहे हे कळलं तर: चावी काढून खिशात. बॅटरीचा मेन स्विच बंद. स्टिअरिंगला चिकटपट्टीने कागद लावा, गाडी चालू करू नका असं मोठ्या अक्षरात. हा कागद मी मुद्दाम सांगतोय, कारण एक माणूस मदत आणायला जातो आणि दुसरा येऊन गाडी बाजूला घ्यायला म्हणून सुरू करतो. दोन टाक्या असतील तर त्यांना जोडणारा कॉक असल्यास तो बंद करा. काय गेलं, किती गेलं, किती वाजता, हे लिहून ठेवा आणि मेकॅनिकला फोन करा. गाडी वाटेत उभी असेल तर ढकलून किंवा टोचन लावून हलवा.

चावी फिरली नसेल तर तळाचा बूच काढून टाकी पूर्ण रिकामी करायची, थोड्या स्वच्छ डिझेलने धुवायची, पुन्हा तळातून काढायची, आणि बाटलीत घेतलेल्या नमुन्यात खाली थर दिसेनासा होईपर्यंत हेच. फिल्टर बदलायचे. काढलेलं डिझेल स्थिरावू देऊन वरचं वापरू का, असं प्रत्येक मालक विचारतो. कॉमन रेल इंजिनात नाही. वरच्या डिझेलमध्येही बारीक थेंब लटकलेले असतात. पाच लिटरची चूक लपवायला पंप पणाला लावू नका. ते डिझेल वेगळ्या, नाव लिहिलेल्या पिंपात ठेवून टाकाऊ तेल घेणाऱ्याकडे द्या, गटारात सोडू नका.

इंजिन चाललं असेल तर टाकी धुऊन नशीब आजमावू नये. रेलचा दाब तपासणं, इंजेक्टर काढून बेंचवर बघणं, पंपात धातूचा कीस आलाय का हे बघणं, हे सगळं करावं लागतं. कीस सापडला तर पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळं जातं, कारण तो कीस धुऊन पूर्ण निघत नाही.

कूलंट, ब्रेक ऑइल, स्टिअरिंगचं तेल यांची अदलाबदल हा स्वतंत्र विषय आहे, पण ब्रेक किंवा क्लचच्या डबीत चुकून खनिज तेल गेलं तर ती गाडी एक फूटही पुढे नेऊ नका. त्यातले रबर सील तेलाने फुगतात, आणि मग ब्रेकचा भरवसा राहत नाही.

आता तुमच्या गाडीचं. टाकी धुतली असं तुम्ही म्हणालात, पण कशाने धुतली ते लिहिलं नाही. पाण्याने धुतली असेल तर तळाचा बूच पुन्हा एकदा काढून बाटलीत नमुना घ्या आणि रात्रभर ठेवून बघा. पुढच्या चार-पाच वेळा डिझेल भरल्यावर पाण्याच्या फिल्टरची चकती सैल करून थोडं काढून बघत जा. आता बसवलेला फिल्टर नेहमीच्या मुदतीपर्यंत ठेवू नका, लवकर बदला, आणि काढलेला फेकण्याआधी कापून त्याच्या घड्यांमध्ये पांढरे कण आहेत का ते बघा. काट्याचं युनिट टाकीतून काढून त्याच्या तारांच्या टोकांवर हिरवट गंज दिसतो का तेही तपासायला सांगा. तीन महिन्यांनी काटा चुकीचा दाखवायला लागला तर कारण बहुधा तिथेच असेल.